दोरीचा फास की पोलादी यंत्र? माडावर चढण्याची गोष्ट

१/ कोकण-गोव्यात माडावर चढणारे पूर्वापार पायांत दोरीचा फास अडकवून, तळवे खोडाला भिडवून वर सरकत. दोरी झिजली की दुसरी वळता येई. कसब मात्र लहानपणापासून अंगी बाणावे लागे.

२/ १९३१ मध्ये ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक यांनी गिर्यारोहकांसाठी एक गाठ प्रसिद्ध केली. मुख्य दोराभोवती बारीक दोरीचे वेढे घ्यायचे. भार पडताच ते आवळतात, भार काढला की सरकवता येतात.

३/ १९५८ मध्ये स्वित्झर्लंडच्या जूसी आणि मार्टी यांनी तेच काम यंत्राकडे सोपवले. दोघांच्या आडनावांतून 'जुमार' हे नाव घडले. सह्याद्रीतील गिर्यारोहकांना ते परिचित आहे. त्याचे दात चिखलाने माखलेला दोरही धरतात. पण जोराचा झटका बसल्यास दोराचे आवरण फाडू शकतात.

४/ माडासाठीचे यंत्र केरळातील चेंबेरी येथे आकारास आले: दोन पायांना दोन चौकटी, खोडाभोवती पोलादी तार. पाडेली दुर्मीळ होत असताना नारळ विकास मंडळाने २०११ पासून केरळात तरुणांना आणि स्त्रियांनाही त्यावर चढण्याचे प्रशिक्षण दिले. पुढे ते यंत्र कोकणातही आले.

५/ तत्त्व मात्र जुनेच राहिले. तारही भारानेच खोड आवळते आणि पाय उचलताच सैल होते. यंत्राने बदलले ते एवढेच की, पिढीजात कसब नसलेल्यालाही माड खुला झाला. निसटलेल्या माणसाला अडवणारा सुरक्षापट्टा मात्र दोन्हींसोबत वेगळा बांधावाच लागतो.