गोतसभेपासून कचेरीपर्यंत

शहापूर-मुरबाड मार्गावर, भातसेच्या काठी वसलेल्या सापगावासारख्या गावात वतनाचा वा बांधाचा तंटा उद्भवला, तर पेशवाईत त्याचा निवाडा कोणत्याही स्वतंत्र न्यायमंदिरात होत नसे. पाटील-कुळकर्णी, बलुतेदार आणि परगण्याचे देशमुख-देशपांडे यांची गोतसभा चावडीत किंवा देवळाच्या सभामंडपात जमे, साक्षी घेई, आणि जो महजर (निवाडपत्र) सिद्ध होई त्यावर पाटील नांगराची निशाणी करी. ज्याच्या अक्षरज्ञानाचा प्रश्नच नव्हता, त्याच्या साक्षीलाही या निशाणीने जी प्रतिष्ठा दिली, ती मला फार मोलाची वाटते.

१८१७ च्या पुणे तहाने या भागासह उत्तर कोकण इंग्रजांकडे गेले. १८२७ च्या एल्फिन्स्टनकृत कायदेसंग्रहाने न्यायदान लेखी व सरकारी झाले. पूर्वी कोळवण म्हणविणाऱ्या शहापूर तालुक्यात आणि शेजारच्या मुरबाडात न्यायाचे रूप म्हणजे मामलेदार कचेरी. अशा कचेऱ्यांची घडण सर्वत्र बहुधा सारखीच : काळ्या दगडाचे जोते, पावसाची झड अडविणारी रुंद पडवी, उतरते कौलारू छप्पर, आणि त्याच छपराखाली खजिना, दप्तर व कच्ची कैद.

१९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाने शेतजमिनीचा कबजा व पाण्याची अडवणूक यांविषयीचे दावे सहा महिन्यांच्या आत येथे आणण्याची सोय केली. जिल्ह्याचे ठिकाण दूर असलेल्या कुळंब्याला हा उपकार थोडा नव्हे.

जुन्या कचेऱ्या दुरुस्तीला काढताना त्यांतील मोडी दप्तर रद्दीत जाऊ न देण्याची दक्षता तालुक्यातील सुशिक्षितांनी अवश्य घ्यावी.