मोटरहोम सरळ राहत नाही? स्टिअरिंग स्टॅबिलायझर निवडण्याआधी हे तपासा

लाटंबार्से : कोल्हापूर-चंदगडकडून तिलारी घाट उतरणारी गाडी दोडामार्ग ओलांडून डिचोली तालुक्यातल्या लाटंबार्सेत शिरते. बेळगावची गाडी चोर्ला घाटातून साखळीकडे उतरते, तर मुंबईकडची पत्रादेवीला गोव्यात येते. या वाटांवर टुरिस्ट बस आणि टेम्पो ट्रॅव्हलरच्या जोडीला आता मोटरहोम, म्हणजेच कॅराव्हॅनही दिसू लागल्या आहेत. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. त्यानंतर मिनीबसच्या सांगाड्यावर बेड, किचन, टॉयलेट आणि पाण्याची टाकी बसवून घेण्याकडे व्यावसायिकांचे लक्ष गेले आहे.

अशा गाड्यांच्या चालकांची एक तक्रार नेहमीची. गाडी सरळ राहत नाही. रस्ता सरळ असला तरी स्टिअरिंग सारखे डावी-उजवीकडे सावरत बसावे लागते. शेजारून मोठा ट्रेलर गेला की गाडी आधी बाहेर ढकलली जाते, मग आत ओढली जाते. दोन तासांत खांदे भरून येतात. यावर 'स्टॅबिलायझर टाका, काम होऊन जाईल' असा सल्ला हमखास मिळतो. स्टॅबिलायझर उपयोगी आहे, यात वाद नाही. पण तो शेवटचा उपाय आहे, पहिला नाही. झिजलेल्या स्टिअरिंगवर तो बसवला तर दोष जात नाही, फक्त हाताला जाणवेनासा होतो. घाटात हेच महागात पडू शकते.

आधी वजनकाटा

मिनीबस माणसे बसवण्यासाठी आखलेली असते. मोटरहोम करताना टाकी, बॅटरी, जनरेटर असे जड सामान बहुधा मागे जाते. मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे ठेवलेले वजन फक्त मागचा भार वाढवत नाही, पुढचा भार उचलतेही.

साधा हिशेब असा. समजा दोन्ही अ‍ॅक्सलमधले अंतर ४ मीटर आहे आणि २०० लिटरची भरलेली टाकी मागच्या अ‍ॅक्सलच्या १ मीटर मागे आहे. पाण्याचे वजन २०० किलो. यामुळे मागच्या अ‍ॅक्सलवर २५० किलो वाढतात आणि पुढच्यावरचे ५० किलो कमी होतात. पुढची चाके हलकी झाली की त्यांची पकड सैल होते आणि गाडी झोल खाऊ लागते.

म्हणून गाडी प्रवासाला निघताना असते तशी भरून वजनकाट्यावर न्यावी. पाणी, गॅस, सामान, माणसे सगळे आत हवे. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घ्यावीत, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाके. आलेले आकडे कंपनीने प्रत्येक अ‍ॅक्सलसाठी दिलेल्या मर्यादेशी ताडून पाहावेत. खनिज वाहतुकीमुळे डिचोली तालुक्याला वजनकाटा नवा नाही. टाकी किंवा बॅटरी दोन्ही अ‍ॅक्सलच्या मध्ये सरकवल्यावरच निम्मी तक्रार मिटली, असेही होऊ शकते.

हवा आणि अलाइनमेंट

टायरमधली हवा गाडी थंड असताना मोजावी. हवा कमी असेल तर टायरच्या बाजू आडव्या लवचतात आणि शेपूट हलल्यासारखे वाटते. पुढच्या टायरमध्ये गरजेपेक्षा जास्त हवा असेल तर टायर मधल्या पट्ट्यावरच चालतो आणि गाडी भटकते. दारावरच्या पट्टीवरचा आकडा मूळ गाडीसाठी असतो. मोटरहोम केल्यावर अ‍ॅक्सलचे वजन बदलते, त्यामुळे टायर कंपनीच्या भार-हवा तक्त्यावरून प्रेशर ठरवणे योग्य.

अलाइनमेंटही भरलेल्या गाडीचीच करावी. त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली टो, म्हणजे वरून पाहिल्यावर पुढची चाके आत की बाहेर वळलेली आहेत ते. ती बाहेर फाकलेली असतील तर गाडी सरळ धरत नाही. दुसरी कॅस्टर. सायकलचा पुढचा फोर्क तिरका असतो, म्हणून चालत्या सायकलचे हँडल आपोआप सरळ होऊ पाहते. मोटारीत हेच काम कॅस्टर करते. मागे जास्त वजन पडून गाडीचे नाक वर झाले तर हा कोन बदलतो. कमानपाटे असलेल्या गाडीत अ‍ॅक्सल आणि पाट्याच्या मध्ये पाचर घालून कॅस्टर सुधारता येतो. मात्र हे काम मोजमाप करूनच व्हायला हवे, अंदाजाने नव्हे.

स्टिअरिंगमधला प्ले

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम ९८ नुसार स्टिअरिंगमधला प्ले ३० अंशांपेक्षा जास्त असता कामा नये. घड्याळाच्या भाषेत १२ पासून १ पर्यंत. ही कायद्याची कमाल मर्यादा झाली. लांबच्या प्रवासाच्या जड गाडीला एवढा प्लेही त्रासाचाच.

तपासणीला दोन माणसे लागतात. गाडी सपाट जागी चाकांवर उभी करून, हँडब्रेक ओढून, चाकांना अडण लावावी. एकाने इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग थोडे थोडे इकडे-तिकडे हलवावे. दुसऱ्याने खालून प्रत्येक जोड पाहावा. टाय रॉड एंड, ड्रॅग लिंक, स्टिअरिंग बॉक्स, किंग पिन, पाट्यांचे बुश. आधी हात हलतो आणि मागाहून चाक हलते, ते नेमके कुठल्या जोडात, हे इथेच कळते. किंग पिन ग्रीसविना कोरडी पडून जाम झाली असेल तरी गाडी भटकते, कारण वळवलेले चाक आपणहून सरळ येत नाही. त्यावर औषध ग्रीस आणि दुरुस्ती, स्टॅबिलायझर नव्हे.

कोणता स्टॅबिलायझर कशासाठी

एवढे करूनही त्रास उरला तर खरेदीचा विचार करावा. बाजारात मुख्यतः तीन प्रकार आहेत.

साधा डॅम्पर : आडवा बसवलेला शॉक अ‍ॅब्झॉर्बरच. खड्ड्यात स्टिअरिंगला बसणारा झटका आणि चाकांची थरथर तो कमी करतो. स्टिअरिंग सरळ मात्र आणत नाही. पुढे अखंड अ‍ॅक्सल असलेल्या मारुती जिम्नीला असा डॅम्पर कंपनीकडूनच येतो.

स्प्रिंगचा सेंटरिंग स्टॅबिलायझर : यात डॅम्परसोबत स्प्रिंग असते आणि ती स्टिअरिंगला मध्यावर आणू पाहते. अमेरिकेतील सेफ-टी-प्लस आणि रोडमास्टर रिफ्लेक्स या जातीचे आहेत. वारा किंवा रस्त्याच्या उतारामुळे होणाऱ्या त्रासाला हा प्रकार लागू पडतो. पुढचा टायर फुटल्यास स्टिअरिंग धरून ठेवायला मदत होते, असा कंपन्यांचा दावा आहे.

हवेवर चालणारा : ब्लू ऑक्सचा ट्रूसेंटर या प्रकारातला. मध्यबिंदू चालकाला बसल्या जागेवरून स्विचने बदलता येतो. अर्थात हवेची जोडणी आणि वायरिंग आले, म्हणजे देखभालही वाढली.

निवड लक्षणावरून करावी. थरथर आणि झटके असतील तर साधा डॅम्पर पुरेसा. वाऱ्याने गाडी ढकलली जात असेल तर सेंटरिंग प्रकार. गाडी कायम एकाच बाजूला ओढत असेल तर यातला कुठलाच नको. तो अलाइनमेंट, ब्रेक किंवा टायरचा दोष असतो.

आपल्या रस्त्यांचा हिशेब

हे किट मुख्यतः अमेरिकेतल्या रस्त्यांसाठी बनलेले आहेत. तिथे तासन्‌तास सरळ, मोकळा हायवे आणि आडवा वारा. इकडे राष्ट्रीय महामार्ग ६६ वर तसा पट्टा मिळतो, पण गाडी पुढे चोर्ला, तिलारी किंवा आंबोलीच्या वळणांत जाते. तिथे जोरदार स्प्रिंग प्रत्येक वळणावर हाताशी झगडते. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत तर ती नकोच. ज्याचा धंदा घाटातूनच जास्त, त्याने हलका डॅम्पर घ्यावा किंवा ताण बदलता येणारा प्रकार पाहावा.

किनारपट्टीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस हाही मुद्दा आहे. रॉडवर रबरी आवरण आणि चांगला गंजरोधक लेप असलेलाच भाग घ्यावा.

बसवताना

किट आपल्याच चेसिससाठी आहे का, हे आधी विचारावे. रॅक-पिनियन स्टिअरिंगच्या गाडीला स्टिअरिंग बॉक्सवाल्या गाडीचे किट चालत नाही. टाय रॉडला वेल्डिंग करू देऊ नये आणि भोकही पाडू देऊ नये. जोडणी क्लॅम्पनेच व्हावी. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण फिरवून पाहावे. स्टॅबिलायझरची चाल त्याहून जास्त हवी. तो मध्येच अडला तर वळणावर स्टिअरिंगच अडेल. ब्रेकचे पाइप, टायर आणि पाटे यांना तो कुठेही घासता कामा नये. सेंटरिंग प्रकारात मध्यबिंदू रस्त्यावर चालवून ठरवावा, नाहीतर गाडी नव्यानेच एका बाजूला ओढू लागते. काही शे किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत.

कागदपत्रे

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ च्या निकालात हे अधोरेखित केले. कलम १८२ अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. त्यामुळे गाडी सिंधुदुर्ग पासिंगची असो की गोव्याची, भाग बसवण्याआधी संबंधित परिवहन कार्यालयाला आणि विमा कंपनीला लेखी विचारून घ्यावे. गाडी वॉरंटीत असेल तर डीलरलाही कळवावे.

बसवल्यानंतरही एक खूण ध्यानात ठेवावी. चांगला चाललेला स्टॅबिलायझर असताना गाडी पुन्हा भटकू लागली, तर त्याचा ताण वाढवत बसू नये. खाली कुठलातरी जोड झिजू लागलेला असण्याची शक्यता जास्त. गाडी गॅरेजला लावून दोन माणसांची ती तपासणी पुन्हा करावी, आणि तीही घाट चढण्याआधी.