दगडातील फूल आणि कागदाची चिठ्ठी

नागपूरच्या वायव्येला टाकळी नावाचे गाव होते. आज ते शहरात विरघळून गेले आहे. १८५१ साली नागपूरवर भोसल्यांचे राज्य असताना स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी आपला सहकारी रॉबर्ट हंटर याच्यासह या परिसरातील दगड पाहत हिंडत होता. काळ्या बसाल्टच्या दोन थरांमध्ये गोड्या पाण्यातील शिंपल्यांचे, फळांचे आणि बियांचे अश्मीभूत अवशेष त्यांना सापडले. लाव्हाचा एक लोट थंडावला, त्यावर तळी साचली, झाडे वाढली, आणि पुढच्या लोटाने हा सारा संसार झाकून टाकला. दख्खनच्या अग्निजन्य इतिहासातील ही मधली पाने. त्यांचे वय आज सुमारे साडेसहा कोटी वर्षे मानले जाते.

आम्ही मराठीचे अध्यापक. वनस्पतींच्या उत्क्रांतीवर लिहिण्याचा आमचा अधिकार नाही, हे प्रारंभीच सांगून टाकणे बरे. परंतु हिस्लॉप हे नाव नागपुरात महाविद्यालयाच्या पाटीवर वाचणाऱ्यांनाही हे माहीत नसते की गोंडांमधील लिंगोचे गीत लिहून घेणारा आणि टाकळीची फळे वेचणारा माणूस एकच होता. कंठात असलेले गीत आणि दगडात असलेले फळ या दोहोंविषयी त्याची वृत्ती सारखीच दिसते: जेथे सापडले त्या स्थळासह नोंदवायचे. त्याने नागपूर परिसरातून जमवलेल्या ग्लॉसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीच्या पानांचे वर्णन चार्ल्स बनबरी यांनी १८६१ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केले. ही पाने आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका येथेही सापडली. हे सारे भूभाग एकेकाळी जोडलेले होते, या सिद्धान्ताचा ती मोठा आधार ठरली. त्या प्राचीन महाखंडाला 'गोंडवन' हे नाव मिळाले ते गोंडांच्या प्रदेशावरून. ज्यांची गीते हिस्लॉपने टिपली, त्यांचेच नाव अखेर त्याच्या पानांच्या भूमीलाही लाभले. असे योग इतिहासात क्वचित जुळतात.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात हिस्लॉप बुडाला. त्याच वर्षी नागपुरात मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, स्थापन झाले. त्याच्या टिपणांना रिचर्ड टेम्पल यांनी १८६६ साली ग्रंथरूप दिले, म्हणून गीत वाचले. जीवाश्मांचा मोठा भाग त्याआधीच लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेकडे गेला होता. त्या संस्थेचा परदेशी संग्रह १९११ साली ब्रिटिश म्युझियमच्या निसर्गेतिहास विभागाकडे सोपवण्यात आला. टाकळीची फळे पाहायची तर नागपूरच्या विद्यार्थ्याने लंडन गाठावे, अशी ही व्यवस्था.

पुढचे प्रकरण मोहगाव कलानचे. हे गाव छिंदवाडा जिल्ह्यात. त्या काळी नागपूर ही मध्यप्रांताची राजधानी असल्याने ते आपल्याच अंगणातले. येथील गारगोटीसारख्या दगडातून बिरबल साहनी यांनी १९३४ साली एका फळाला 'एनिग्मोकार्पन' हे नाव दिले. त्याचा अर्थच कोड्याचे फळ. नागपूरच्या विज्ञान महाविद्यालयातील व्ही. बी. शुक्ल यांनी १९४४ साली त्याच स्थळाच्या एका अश्मीभूत फुलाचे वर्णन केले, साहनींच्या सन्मानार्थ त्याला 'साहनिअँथस' म्हटले, आणि फुलाचा व फळाचा संबंध दाखवून दिला. जीवाश्मशास्त्रात पान, खोड, फूल, फळ सुटे सुटे सापडतात आणि सुटी सुटी नावे धारण करतात. ती एकाच झाडाची आहेत हे ठरवणे म्हणजे निनावी अभंगांचा कर्ता ठरवण्याइतके नाजूक काम. हे कोडे मेंदी, डाळिंब आणि आपले राज्यपुष्प तामण यांच्या कुळाशी जाऊन भिडले.

नागपूरच्या विज्ञान संस्थेत अध्यापन करणाऱ्या डॉ. श्यामला चितळे यांनी मोहगावच्या वनस्पतींवर दीर्घकाळ काम केले. पुढे त्या अमेरिकेत गेल्या आणि १९८० पासून क्लीव्हलँडच्या निसर्गेतिहास संग्रहालयात पुरावनस्पतिशास्त्राचा विभाग त्यांनी उभारला. त्यांच्या पिढीची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. दगड करवतीने कापायचा, घासून गुळगुळीत करायचा, तीव्र आम्लाने पृष्ठभाग किंचित खाऊ द्यायचा, त्यावर सेल्युलोजचा पातळ पडदा चिकटवायचा आणि तो सोलून घ्यायचा. पडद्यावर पेशींचा ठसा उतरतो. मग पुन्हा घासायचे, पुन्हा सोलायचे. वाचता वाचता मूळ संहिताच झिजत जाते. उरतात ते पडदे, काचपट्ट्या आणि त्यांच्यावरील आकडे. आकडा पुसला तर पडद्यांची पोथी सुटली, पानांचा क्रम गेला.

आता क्ष-किरणांच्या सूक्ष्म छेदचित्रणाने दगड न कापता आतील फळ संगणकावर त्रिमितीत उभे करता येते. या प्रदेशातील एका ताडवर्गीय फळाचा असा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला, आणि ताडाच्या गोत्राची मुळे क्रिटेशियस युगापर्यंत मागे गेली. त्याआधी २०१३ साली द्राक्षकुळाच्या तोवर ज्ञात असलेल्या सर्वांत जुन्या बिया येथूनच वर्णिल्या गेल्या. त्यांना 'इंडोव्हायटिस चितळेई' असे नाव मिळाले. स्टीव्हन मँचेस्टर यांच्यासारख्या परदेशी संशोधकांच्या जोडीला या कामात भंडाऱ्याच्या जे. एम. पटेल महाविद्यालयातील दशरथ कापगते आहेत, ही गोष्ट आम्हांला विशेष मोलाची वाटते. वैदर्भीय महाविद्यालयाच्या प्राध्यापकाने गावोगावच्या बांधांवरून उचललेला दगड जगाच्या उत्क्रांतिचर्चेत बोलतो.

संग्रहांचे अंकीकरण करायचे ते कशासाठी, हा प्रश्न येथे उभा राहतो. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने २०२२ साली आपले आभासी वनस्पतिसंग्रहालय खुले केले. सुमारे एक लाख वाळवलेल्या नमुन्यांची छायाचित्रे त्यात आली. उपक्रम उत्तम आहे. परंतु ते काम वाळलेल्या फांद्यांचे. महाविद्यालयांच्या कपाटांतील दगडांपर्यंत त्याचा हात पोहोचत नाही. शिवाय आमच्या मते चित्रापेक्षा चिठ्ठी अधिक महत्त्वाची. महानुभाव परंपरा सांगते की लीळाचरित्राची मूळ पोथी लुटीत गेली आणि शिष्यांच्या स्मरणातून ती पुन्हा सिद्ध झाली. वि. भि. कोलते यांनी पाठभेद लावून १९७८ साली जी संहिता दिली, ती कोणती पोथी कोणाची याच्या नोंदी होत्या म्हणून. दगडाला मात्र शिष्य नसतात. कोणत्या शेतातून, कोणत्या थरातून, कोणत्या वर्षी, कोणी उचलला, हे कागद सांगतो. कागद गेला की साडेसहा कोटी वर्षांचे फळ टेबलावर कागद दाबून ठेवायच्या कामाचे होते. ज्या नमुन्यावरून प्रथम नाव ठेवले गेले, तोच असा मुका झाला तर त्या नावाचाच आधार सुटतो.

ही भीती आम्हांला एका महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात जाणवली. तेथील मित्राने जुनी कपाटे उघडली. खोकी होती, दगड होते, बऱ्याच खोक्यांत चिठ्ठ्यांचे फक्त तुकडे होते; कसरीने आपले वाचन पूर्ण केले होते. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना शाईतली मोडीवळणाची अक्षरे लागत नव्हती, म्हणून त्याने आम्हांला बोलावले होते. तीन रविवार आम्ही दोघे तेथे बसलो. तो प्रत्येक दगडाचे आणि चिठ्ठीचे एकत्र छायाचित्र घेई, आम्ही वाचून सांगू, एक विद्यार्थिनी संगणकावर नोंद करी. एका चिठ्ठीवर 'मोह' एवढेच उरले होते. मित्र म्हणाला, "सर, मोहगावच असणार, लिहून टाकू." आम्ही नाही म्हटले. माहुरझरीपासून मोहगावपर्यंत म-काराची गावे कमी नाहीत, आणि 'ह'च्या पुढे कागदच नव्हता. नोंदीत 'मोह' लिहिले, पुढे चौकोनी कंसात तीन टिंबे दिली, आणि तो तुकडा त्याच्या दगडाशेजारी तसाच ठेवून खोके बंद केले.