पाडण्याआधी भिंत बघा

मागच्या बैठकीत गटाकडे घरासाठी कर्जाचे तीन अर्ज आले. तिघींचं म्हणणं एकच : जुनं माळवद पाडायचं, स्लॅबचं घर बांधायचं. कर्ज बाईच्या नावावर. पण घर कसं बांधणार, असं विचारलं तर उत्तर आलं, "ते मालकाला आणि मिस्त्रीला ठाऊक." म्हणून आज किल्लारीचा इतिहास सांगते.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात भूकंप झाला. सुमारे ८,००० माणसं गेली. बहुतेक जण आपल्याच घराच्या दगडमातीखाली गाडले गेले.

दगडाची घरंच वाईट, असं तेव्हा लोकांच्या मनानं घेतलं. पण जाणकारांनी पडलेल्या भिंती तपासल्या, तेव्हा खरं कारण दिसलं. भिंत जाडजूड, पण आत दोन वेगळे थर. मध्ये गोटे आणि मातीची भर. दोन्ही थर सांधणारा आरपार दगडच नव्हता. त्यात गळती थांबवायला वर्षानुवर्षं माळवदावर माती टाकलेली, तिचं ओझं वेगळंच. हादरा बसताच भिंतीचे थर फाकले. कितीतरी वाड्यांत लाकडी खांब-तुळया उभ्या राहिल्या आणि भिंती तेवढ्या कोसळल्या.

पुढे ५२ गावं नव्या जागी वसवली. घरं पक्की, रस्ते रुंद. पण गोठा कुठे, शेजारीण किती लांब, पाणी कुठून आणायचं, हे बायकांना फारसं कुणी विचारलं नाही.

तडे गेलेली पण उभी असलेली घरं मात्र दुरुस्त करायची ठरली. त्या कामात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीनं गावोगावच्या महिला 'संवाद सहायक' झाल्या. भिंतीत आरपार सांधा कसा घालायचा, माळवदावरची माती का कमी करायची, हे त्या स्वतः शिकल्या. मग घरोघरी जाऊन सांगू लागल्या, कामावर नजर ठेवू लागल्या. कालपर्यंत ज्यांना कुणी विचारत नव्हतं, त्या मिस्त्रीला प्रश्न विचारू लागल्या.

तर मैत्रिणींनो, घर पाडायच्या आधी जाणत्या माणसाकडून भिंत तपासून घ्या. दुरुस्तीनं भागत असेल तर कर्जही कमी लागेल. पाडावंच लागलं तर चांगलं सागवान आणि दगड मातीमोल विकू नका. मातीत बांधलेल्या जुन्या भिंतींवर स्लॅब कधीच टाकू नका. नव्या भिंतींना दारा-खिडक्यांच्या वर सलग पट्टी आहे का, ते उभं राहून बघा. आणि ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर नवऱ्याच्या जोडीनं तुमचंही नाव लावून घ्या.

हप्ते आपण फेडणार, तर भिंतीबद्दल विचारायचा हक्कही आपलाच.