खेळाच्या पटावरचा 'मी'

इंग्रजी शब्दांचा स्क्रॅबल हा खेळ आपण पाहिला असेल. ब्रिटनमधला मुरलेला खेळाडू पटावरच्या 'सी'ला खुशाल नुसता 'एच' जोडतो. हा काय शब्द झाला, असे म्हणाल. शब्दच आहे, बरं का! 'च', म्हणजे 'मी'.

इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील खेडूत 'आय'ऐवजी 'इच' म्हणत. क्रियापदाला चिकटताना त्यातला 'च' तेवढा उरे. 'किंग लिअर' नाटकात एडगर खेडुताचे सोंग आणतो, तेव्हा तोही असाच बोलतो. पुढे लंडनची भाषा शिष्ट ठरली आणि हा 'मी' तोंडातून गेला.

अशा बोलींचा सहा खंडांचा कोश १८९८ ते १९०५ या काळात जोसेफ राइट यांनी काढला. हे ऑक्सफर्डचे प्राध्यापक यॉर्कशायरच्या गिरणीत वाढलेले. वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत त्यांना वाचताही येत नव्हते!

स्क्रॅबलचा जनक आल्फ्रेड बट्स हा मात्र अमेरिकन, मंदीत बेकार झालेला वास्तुशिल्पी. ब्रिटनमध्ये खेळाचे तंटे बरीच वर्षे एडिंबरोच्या चेंबर्स कोशाने मिटवले. स्कॉटिश घराण्याचा कोश तो! त्यामुळे गाईंसाठी 'काय', प्रियकरासाठी 'जो', दोन कानांच्या मद्यपात्रासाठी 'क्वेख' असे स्कॉटिश शब्दही पटावर आले. 'क्यू'चे दहा गुण खपवायला 'क्वेख' फार सोयीचा.

अर्थ मात्र खेळात कोणी विचारत नाही. 'च'चे सात गुण मांडायचे, की पुढचा डाव.