ब्रेक पॅड व डिस्क : बदलण्याची वेळ

मोटारगाडीच्या डिस्क ब्रेकमधले झिजणारे दोन भाग. चाकाबरोबर फिरणारी बिडाची तबकडी म्हणजे डिस्क, आणि तिला दोन्ही अंगांनी दाबणारे, पोलादी पट्टीवर घर्षणद्रव्याचा थर चिकटवलेले तुकडे म्हणजे पॅड. पॅड लवकर झिजतात आणि तसे झिजावेत अशीच त्यांची रचना असते. डिस्कही झिजते, पण फार सावकाश. त्यामुळे दोन्हींचा निर्णय वेगवेगळा घ्यावा लागतो आणि तो उरलेली जाडी मोजून घ्यावा लागतो. ‘इतक्या हजार किलोमीटरला पॅड बदला’ हा सल्ला अंदाजापुरता ठीक आहे. एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या दोन गाड्यांपैकी एक मुंबईच्या सिग्नलांवर आणि दुसरी द्रुतगती मार्गावर चालली, तर पहिलीचे पॅड दुसरीच्या निम्म्या अंतरातही संपू शकतात.

डिस्क ब्रेकचे पेटंट ब्रिटिश अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर यांनी 1902 मध्ये घेतले, पण पुढची पन्नास वर्षे मोटारींवर ड्रम ब्रेकचेच राज्य होते. 1953 च्या ल माँ शर्यतीत डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार जिंकली आणि हे ब्रेक पुन्हापुन्हा तापूनही दाद देतात हे सगळ्यांनी पाहिले. 1955 च्या सित्रोएन डीएसपासून ते मोठ्या संख्येने बनणाऱ्या गाड्यांत आले. भारतात अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी कित्येक वर्षे चारही चाकांना ड्रम घेऊनच धावल्या. आजच्या बहुतेक लहान गाड्यांत पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. ब्रेक लावल्यावर गाडीचा भार पुढे येतो आणि थांबवण्याचे दोनतृतीयांशाच्या आसपास काम पुढची चाकेच करतात. म्हणून पुढचे पॅड आधी संपतात.

उष्णतेचा हिशेब : ब्रेक गाडीच्या गतीची उष्णता करतात. माणसांसह 1,200 किलो वजनाची गाडी ताशी 80 किलोमीटरवरून थांबवली, तर सुमारे 300 किलोजूल उष्णता तयार होते. ही उष्णता आधी डिस्कमध्ये साठते आणि मग हवेत जाते. आता तीच गाडी खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरते आहे असे धरू. या उतारात उंची 500 मीटरांहून अधिक कमी होते. इंजिनाने आणि हवेने काहीच रोध केला नाही, तर ब्रेकना जवळजवळ 6,000 किलोजूल पचवावे लागतील. ताशी 80 वरून वीस वेळा गाडी थांबवण्याइतके हे काम, तेही मध्ये उसंत न मिळता. डिस्क काही शे अंशांपर्यंत तापते, पॅडमधली रेझिने तापून वायू सोडू लागतात आणि पाय तेवढ्याच जोराने दाबलेला असूनही गाडी थांबेनाशी होते. यालाच ब्रेक फेड म्हणतात. एकदा असे भाजलेले पॅड थंड झाल्यावरही पूर्ववत होतातच असे नाही. त्यांच्या पृष्ठभागावर काचेसारखी गुळगुळीत चकाकी येते आणि पकड कमी होते. असे पॅड जाडीने भरपूर उरलेले असले तरी बदलावेत.

घाट दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये उतरणे ही म्हणूनच पॅडची खरी निगा. इंधन वाचेल या समजुतीने न्यूट्रलमध्ये उतरणारे चालक आजही भेटतात. इंधन-इंजेक्शन असलेल्या गाडीत गिअर टाकलेला असताना आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असताना इंजिनाचे इंधन आपोआप तोडले जाते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन फिरते ठेवायला इंधन लागतेच. म्हणजे वाचत काहीच नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

पॅडची जाडी : नव्या पॅडवर घर्षणद्रव्याचा थर साधारण 10 ते 12 मिलिमीटर असतो. तो 3 मिलिमीटरवर आला की पॅड बदलावेत. 2 मिलिमीटर ही बहुतेक उत्पादकांची शेवटची मर्यादा असते. मोजताना मागची पोलादी पट्टी धरायची नाही. ती स्वतःच सुमारे 5 मिलिमीटर असते आणि घाईत पाहणाऱ्याला पॅड भरपूर उरल्यासारखा वाटतो. थर पातळ झाला की त्याची उष्णता अडवण्याची शक्तीही घटते, पॅडला दाबणाऱ्या पिस्टनपर्यंत ताप पोचतो आणि ब्रेक ऑइल उकळण्याचा धोका वाढतो. शेवटच्या दोन मिलिमीटरांवर आणखी चार महिने काढण्यात म्हणूनच शहाणपण नाही.

निर्णयाला खरा उपयोगी पडतो तो झिजण्याचा वेग. समजा नव्या पॅडवर 11 मिलिमीटर थर होता आणि 20,000 किलोमीटरनंतर 6 उरला. म्हणजे दर 4,000 किलोमीटरला एक मिलिमीटर गेला. 3 मिलिमीटरपर्यंत यायला आणखी 12,000 किलोमीटर आहेत, तेव्हा 10,000 किलोमीटरवरच्या पुढच्या सर्व्हिसपर्यंत हे पॅड निभावतील. त्याच अंतरात 5 मिलिमीटरच उरला असता, तर जेमतेम साडेसहा हजार किलोमीटर मिळाले असते आणि पॅड आत्ताच बदलणे योग्य ठरले असते. प्रत्येक सर्व्हिसला चारही आकडे जॉब कार्डावर लिहून घेण्याची सवय लावली, तर गॅरेजवाल्याच्या ‘पॅड संपले साहेब’ या वाक्यावर विसंबावे लागत नाही.

चार आकडे, कारण एका चाकात दोन पॅड असतात आणि ते सारखे झिजतीलच असे नाही. लहान गाड्यांत पॅड धरणारा कॅलिपर सरकता असतो. पिस्टन आतल्या पॅडला दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने अख्खा कॅलिपर गाइड पिनांवर सरकून बाहेरच्या पॅडला ओढून घेतो. पिनांचे रबरी बूट फाटले, आत चिखल-पाणी शिरले आणि पिना जाम झाल्या, की बाहेरचा पॅड नुसता बसून राहतो आणि आतला एकटा झिजतो. अलॉय चाकाच्या आऱ्यांमधून डोकावले तर बाहेरचाच पॅड दिसतो, तो चांगला जाड असतो आणि पाहणारा निश्चिंत होतो. आत मात्र पट्टी डिस्कला लागायची वेळ आलेली असते. चाक उतरवून आतला पॅड पाहिल्याशिवाय केलेली तपासणी अपुरी मानावी. दोन पॅडांत ठळक फरक आढळला, तर नुसते पॅड बदलून काम संपत नाही. पिना सोडवून, साफ करून त्यांना ब्रेकसाठीचे ग्रीस लावावे लागते आणि पिस्टन सहज मागे जातो का हेही पाहावे लागते.

खुणा : बऱ्याच पॅडांना एक लहान पोलादी पत्ती बसवलेली असते. थर 2-3 मिलिमीटरवर आला की ती डिस्कला घासून बारीक, तीक्ष्ण किर्र असा आवाज करते. हा आवाज ऐकल्यावर त्याच आठवड्यात गॅरेज गाठावे. आवाज खरखरीत, लोखंड लोखंडावर घासल्यासारखा झाला असेल, तर थर संपून पट्टी डिस्क खाऊ लागली आहे, आणि अशी गाडी चालवत नेऊ नये. मात्र पावसाळी सकाळी पहिल्या चार-दोन ब्रेकना येणारी खरखर ही रात्रीत डिस्कवर चढलेल्या गंजाची असते आणि आपोआप जाते. डिस्क व तिच्यामागच्या संरक्षक पत्र्यामध्ये अडकलेला खडाही भीतिदायक आवाज करतो. उलट, पत्ती नसलेले पॅड शेवटपर्यंत गप्प राहू शकतात. म्हणून आवाज आला नाही याचा अर्थ पॅड शिल्लक आहेत असा होत नाही.

पॅड झिजतात तसे पिस्टन बाहेर येतात आणि टाकीतल्या ब्रेक ऑइलची पातळी उतरते. वळणावर किंवा ब्रेक मारताना हॅण्डब्रेकचा लाल दिवा लुकलुकला, तर बहुधा हेच कारण असते. अशा वेळी पॅड न पाहता वरून ऑइल ओतणे ही चुकीची सवय आहे. त्याने दिवा विझतो आणि मिळालेली सूचना नाहीशी होते. पुढे नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले की तेच जास्तीचे ऑइल टाकीतून उतू जाऊन रंग खराब करते. पॅड चांगले असतानाही पातळी घसरत असेल, तर कुठेतरी गळती आहे आणि ते काम पॅडपेक्षाही तातडीचे आहे.

पेडल स्पंजसारखे मऊ लागणे हे पॅडच्या झिजेचे लक्षण नव्हे. त्यामागे ऑइलमध्ये शिरलेली हवा किंवा ओलावा असतो. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते. नव्या डॉट 4 ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी शोषलेल्या स्थितीत मानकाची अपेक्षा 155 अंशांवर येते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत दर दोन वर्षांनी ऑइल बदलणे यासाठीच महत्त्वाचे.

डिस्क : प्रत्येक डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर तिची किमान जाडी कोरलेली असते, बहुधा ‘मिन टीएच’ या अक्षरांपुढे. नव्या आणि किमान जाडीतला फरक लहान गाड्यांत साधारण 2 मिलिमीटरच्या आसपास असतो. 22 मिलिमीटरची हवेशीर डिस्क 20 वर आली की बाद, इतका कमी वाव वरवर पाहता विचित्र वाटतो. पण झिजलेली डिस्क हलकी होते आणि हलक्या डिस्कमध्ये उष्णता साठवण्याची क्षमता कमी असते, त्यामुळे तोच घाट उतरताना ती अधिक तापते आणि तडकते. शिवाय डिस्क पातळ आणि पॅडही पातळ असा योग जुळला, तर पिस्टन आपल्या जागेतून फार बाहेर येतो.

जाडी मायक्रोमीटरने, कडेपासून सुमारे 10 मिलिमीटर आत, फेरीभर सहा ते आठ ठिकाणी मोजतात. अगदी कडेला पॅड पोचत नाही, तिथे न झिजलेला एक कंगोरा राहतो. साधा व्हर्नियर लावला तर त्याचे जबडे त्या कंगोऱ्यावर टेकतात आणि डिस्क आहे त्यापेक्षा जाड दिसते. सगळ्यांत कमी आलेला आकडा धरायचा. जागोजागच्या आकड्यांत 0.02 मिलिमीटरचा फरक निघाला, तरी ब्रेक दाबताना पेडल पायाखाली थरथरू शकते.

या थरथरीला ‘डिस्क वाकली’ असे सरसकट म्हटले जाते. रस्त्यावरच्या गाडीत बिडाची डिस्क सहसा अशी वाकत नाही. होते असे, की डिस्क चाकाच्या हबवर किंचित तिरकी बसलेली असते, फिरताना एका जागी दर फेरीला पॅडला चाटते आणि काही हजार किलोमीटरांत तिथे जाडी कमी होते. किंवा तापलेल्या पॅडवर पाय दाबून धरल्याने घर्षणद्रव्य डिस्कला एका ठिकाणी चिकटून राहते. तिरकेपणा डायल गेजने मोजतात. तो 0.05 ते 0.1 मिलिमीटरच्या आत असावा. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने घासून काढून डिस्क पुन्हा बसवली, तर पुष्कळदा तिरकेपणा जातो. नवी डिस्क गंजक्या हबवर तशीच चढवली, तर थरथर काही महिन्यांत परत येते आणि दोष विनाकारण डिस्कच्या मालावर ढकलला जातो.

डिस्क लेथवर फिरवून समतल करता येते, पण फिरवल्यानंतरची जाडी किमान आकड्याच्या बरीच वर उरत असेल तरच. झिजलेल्या डिस्कला तेवढा माल उरलेला नसतो आणि लहान गाडीच्या नव्या डिस्कची किंमत पाहता बदलणेच बहुधा परवडते. जाडी पुरेशी असूनही डिस्क बाद होण्याची कारणे वेगळी आहेत : नख अडकेल अशा खोल चऱ्या, कडेपर्यंत पोचलेली भेग, अति तापल्याचे निळसर डाग, आणि पॅडखाली येणाऱ्या भागात गंजाने पडलेले खड्डे. पृष्ठभागावरच्या केसासारख्या बारीक रेषा तेवढ्याने गंभीर नसतात. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत किंवा पावसाळाभर अंगणात उभ्या राहिलेल्या गाडीत गंजाचे खड्डे हेच नेहमीचे कारण असते. अशी गाडी हॅण्डब्रेक ओढून महिनोन्‌महिने ठेवू नये. सपाट जागी गिअरमध्ये, चाकाखाली लाकडाचे ठोकळे लावून ठेवावी.

बदलताना : पॅड आणि डिस्क नेहमी एका आसाच्या दोन्ही चाकांना जोडीने बदलतात. एकाच बाजूला नवा माल पडला, तर गाडी ब्रेक लावताना एका अंगाला ओढते. नव्या डिस्कवर जुने पॅड लावू नयेत, कारण त्यांच्या पृष्ठभागाला जुन्या डिस्कच्या चऱ्यांचा आकार आलेला असतो. जुनी डिस्क जाडीत बसत असेल आणि साफ असेल, तर तिच्यावर नवे पॅड चालतात. ‘पॅडबरोबर डिस्क घेतलीच पाहिजे’ या आग्रहापुढे मोजलेला आकडा मागावा. साधारणपणे पॅडच्या दोन-तीन जोड्यांमागे एक डिस्क, असे प्रमाण पडते.

पॅडमधली धूळ हवेच्या नळीने उडवू नये. भारतात ॲस्बेस्टॉसच्या वापरावर सरसकट बंदी नाही आणि स्वस्त मालात ते असू शकते. ही काळजी सर्वांत आधी गॅरेजमधल्या कामगारासाठी घ्यायची, कारण तो दिवसभर त्या धुळीत बसतो. ब्रेक क्लिनरने ओले करून पुसणे पुरेसे असते. कॅलिपर त्याच्या रबरी नळीवर लोंबकळत सोडू नये, तारेने बांधून ठेवावा. काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबलेच पाहिजे. मागे ढकललेले पिस्टन पॅडपर्यंत आलेले नसतात आणि पहिल्या दाबाला पेडल थेट तळाला जाते. नव्या पॅडची बैठक जमण्यासाठी मोकळ्या रस्त्यावर ताशी 50 वरून 20 पर्यंत वीसएक वेळा मध्यम जोराने ब्रेक लावावा, प्रत्येक वेळी थोडा थंड होऊ द्यावा आणि गरम असताना पाय दाबून पूर्ण थांबू नये. पहिल्या 200-300 किलोमीटरांत घाट टाळता आला तर उत्तम.

विजेवर चालणाऱ्या आणि हायब्रिड गाड्यांत वेग कमी करण्याचे बरेचसे काम मोटरच करते आणि पॅड फार हळू झिजतात. पण वापर नसल्याने तिथे डिस्क गंजतात आणि कॅलिपरच्या पिना अडकतात. अशा गाड्यांत पॅडची जाडी भरपूर दिसली तरी वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्यानंतर, चाके उतरवून डिस्कच्या दोन्ही बाजू आणि पिना पाहाव्यात.