हबलने पाहिलेल्या आकाशात अ‍ॅस्ट्रोसॅटला काय सापडलं?



दुर्बिणींचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. हबलसारखी एवढी मोठी दुर्बीण अंतराळात असताना आपण आपली छोटी दुर्बीण वर पाठवायचीच कशाला? प्रश्न रास्त आहे. हबलचा आरसा २.४ मीटर व्यासाचा. आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅटवर ज्या दोन जुळ्या अतिनील दुर्बिणी आहेत, त्यांच्या आरशांचा व्यास जेमतेम साडेसदतीस सेंटीमीटर. घरातल्या मोठ्या ताटाएवढा म्हणा ना. प्रकाश गोळा करणारं क्षेत्रफळ धरलं तर हबल चाळीसपट मोठी. आणि तरीही, हबलने तासन्‌तास निरखलेल्या आकाशाच्या एका तुकड्यात हबलला न दिसलेला प्रकाश या ताटाएवढ्या आरशाला दिसला. हे कसं झालं, त्याची आज गोष्ट.

पण ती सुरू होते बरीच आधी, आणि फुग्यांपासून. ताऱ्यांकडून येणारे क्ष-किरण आणि बराचसा अतिनील प्रकाश आपलं वातावरण अडवतं. आपल्या कातडीच्या दृष्टीने ते फार चांगलं आहे, खगोलशास्त्रज्ञांच्या दृष्टीने नाही. म्हणून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले लोक हैदराबादहून प्रचंड आकाराचे फुगे सोडायचे आणि त्यांना उपकरणं टांगून वातावरणाच्या वरच्या थरांत पाठवायचे. फुगा काही तास वर राहणार, मग उपकरण छत्रीने खाली येणार, आणि मग ते कुठल्या शेतात पडलंय ते शोधत फिरायचं! क्ष-किरण पाहायला आपले लोक शिकले ते असे.

१९७५ साली पहिला भारतीय उपग्रह आर्यभट सोव्हिएत रॉकेटवरून वर गेला, तेव्हा त्यातही क्ष-किरणांचं एक उपकरण होतं. मोजक्याच दिवसांत वीजपुरवठ्यात बिघाड झाला आणि प्रयोग थांबले. पुढची मोठी संधी यायला १९९६ उजाडलं. त्या वर्षी आयआरएस-पी३ या उपग्रहावर क्ष-किरणांचं भारतीय उपकरण गेलं. मुख्य काम दुसऱ्याचं, आपण सहप्रवासी. पण ते उपकरण नीट चाललं, आणि मग केवळ खगोलशास्त्रासाठी एक पूर्ण उपग्रह असावा, ही मागणी जोर धरू लागली. २००४ मध्ये मंजुरी मिळाली. उड्डाण झालं २८ सप्टेंबर २०१५ ला, श्रीहरिकोट्याहून, पीएसएलव्हीवरून. मधली अकरा वर्षं कशात गेली, असं कोणी विचारलं तर माझ्या मते त्याचं उत्तर एका शब्दात आहे : स्वच्छता.

अतिनील आरशाचा मोठा शत्रू म्हणजे मळ. धुळीचा सोडाच, तेलाच्या किंवा प्लास्टिकच्या वाफेचा रेणूभर जाडीचा थर बसला तरी अतिनील प्रकाश तिथेच शोषला जातो. डोळ्याला आरसा लखलखीत दिसेल, पण अतिनीलसाठी तो आंधळा झालेला असेल. म्हणून बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेने या दुर्बिणींची जुळणी होसकोट्याच्या आपल्या आवारात, खास स्वच्छ खोल्यांत केली. पुण्याची आयुका त्यात होती, इस्रो होती, आणि प्रकाशकण टिपणारे शोधक कॅनडाच्या अंतराळ संस्थेच्या सहकार्याने आले. आयुकाचे प्रा. श्याम टंडन या कामामागच्या प्रमुख शास्त्रज्ञांपैकी एक.

उपग्रह वर गेला, तरी दुर्बिणींची झाकणं लगेच उघडली नाहीत. उपग्रहाच्या अंगातून निघणाऱ्या वाफा निर्वातात विरून जाव्यात म्हणून दोन महिने वाट पाहिली. विचार करा, दहा वर्षांचं काम डोक्यावरून फिरतंय आणि डोळे मिटलेले आहेत. ३० नोव्हेंबर २०१५ ला झाकणं उघडली. पहिलं लक्ष्य होतं एनजीसी १८८ हा म्हातारा तारकागुच्छ, वय सुमारे सातशे कोटी वर्षं.

या म्हाताऱ्या गुच्छात एक तारा वयाला न शोभेल इतका टवटवीत दिसायचा, आणि अतिनीलमध्ये तर अपेक्षेपेक्षा कितीतरी तेजस्वी. अन्नपूर्णी सुब्रमण्यम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताटाएवढ्या आरशाची ही निरीक्षणं तपासली, तेव्हा उलगडा झाला : तिथे एक नाही, दोन तारे आहेत. दुसरा सुमारे १७,००० केल्विन तापमानाचा, आणि पहिल्याने त्याचं वस्तुमान ओढून घेऊन स्वतःचं तारुण्य वाढवलेलं. वर्तमानपत्रांनी त्याला रक्तपिपासू तारा केलं. मला ते विशेषण आवडत नाही, पण बातमी खपली खरी.

आता त्या हबलच्या तुकड्याकडे येऊ. दक्षिण आकाशात फॉरनॅक्स, म्हणजे भट्टी, नावाचा तारकासमूह आहे. त्यातल्या एका चिमुकल्या जागेची हबलने दहा वर्षांत घेतलेली छायाचित्रं एकत्र करून २०१२ मध्ये एक प्रतिमा तयार झाली. तोवरची ती आकाशाची सर्वांत खोल प्रतिमा होती. तिच्यात हजारो दीर्घिका आहेत. आयुकाचे डॉ. कनक साहा यांनी ऑक्टोबर २०१६ मध्ये अ‍ॅस्ट्रोसॅट नेमका तिकडे वळवला, आणि २८ तासांहून अधिक वेळ तिथे पाहिलं.

हे २८ तास सलग नव्हेत. उपग्रह दीड तासाच्या आसपास पृथ्वीला एक फेरी घालतो आणि त्यातला रात्रीचा भाग तेवढाच या दुर्बिणीच्या कामाचा. शिवाय उपग्रह हलत असतो. म्हणून ही दुर्बीण आपल्या कॅमेऱ्यासारखा एकदम फोटो काढत नाही. येणारा एकेक प्रकाशकण कुठे आणि केव्हा पडला याची ती नोंद करते, आणि नंतर जमिनीवर संगणकात हलण्याचा हिशेब वजा करून चित्र जुळवलं जातं. छोट्या आरशाची ताकद इथे आहे. त्याच्या शोधकात स्वतःचा खोटा गोंगाट फार कमी आहे, हबलच्या शोधकापेक्षा पुष्कळ कमी. अंधाऱ्या खोलीत मोजके प्रकाशकण ओळखायचे तर डोळा मोठा असण्यापेक्षा तो शांत असणं जास्त उपयोगी पडतं.

त्या शांततेत एका दीर्घिकेतून येणारे अतिनील प्रकाशकण सापडले. तिचं नाव ठेवलं एयूडीएफएस०१. तिचा प्रकाश ९३० कोटी वर्षांपूर्वी निघालेला. विश्व प्रसरण पावतंय, त्यामुळे वाटेत त्याची तरंगलांबी जवळजवळ अडीचपट ताणली गेली. म्हणजे आपल्याला जो दीडशे नॅनोमीटरचा दिसला, तो निघताना साठच्या आसपास होता. ही संख्या महत्त्वाची आहे, कारण ९१ नॅनोमीटरपेक्षा तोकडा प्रकाश हायड्रोजनच्या अणूतला इलेक्ट्रॉन उडवून देऊ शकतो, आणि त्या खटपटीत स्वतः शोषला जातो. दीर्घिका तर हायड्रोजनने भरलेल्या. मग हा प्रकाश बाहेर आला कसा?

विश्वाच्या बालपणी सगळीकडे हायड्रोजनचं धुकं होतं आणि ते कुणीतरी विरघळवलं. बहुतेकांचा संशय पहिल्या दीर्घिकांवर आहे. पण त्यांतून असा प्रकाश खरोखर निसटतो का, याचा पुरावा हवा. एयूडीएफएस०१ त्या काळातली नाही, बरीच नंतरची आहे. तरी तिच्यातून असा २० टक्क्यांहून अधिक प्रकाश निसटत असल्याचं गणित निघालं, आणि इतक्या तोकड्या तरंगलांबीत तोवर अशी दीर्घिका दिसली नव्हती.

इथे घाई केली असती तर फजिती ठरलेली होती. मध्येच एखादी जवळची, फिकट दीर्घिका त्याच दिशेला येत असेल आणि प्रकाश तिचाच असेल तर? अतिदूरच्या दीर्घिकांचे असे बरेच दावे याच कारणाने नंतर मागे पडले आहेत. साहांच्या चमूने तपासणीत जवळपास दोन वर्षं घालवली, आणि शेजारीपाजारी कोण आहे हे पाहायला हबलच्याच तपशीलवार प्रतिमा कामी आल्या. भारत, स्वित्झर्लंड, फ्रान्स, अमेरिका, जपान आणि नेदरलँड्समधल्या शास्त्रज्ञांचा तो निबंध २४ ऑगस्ट २०२० ला ‘नेचर अ‍ॅस्ट्रॉनॉमी’मध्ये आला.

ही निरीक्षणं घेतली तेव्हा यूव्हीआयटीच्या दूर-अतिनील आणि निकट-अतिनील अशा दोन्ही वाहिन्या चालू होत्या. २०१८ मध्ये निकट-अतिनील वाहिनी बंद पडली. दूर-अतिनील वाहिनी मात्र त्यानंतरही चालत राहिली, उपग्रहासाठी धरलेली पाच वर्षं उलटून गेल्यावरसुद्धा.